निम्मा गुलाब

झाडं अजून तोंडानं बोलत होती, तेव्हाची गोष्ट. चंद्राक्काच्या अंगणात एक गावठी गुलाब होता. त्याच्या वासानं मधमाश्या झिंगून एकमेकींवर आपटायच्या. "असा गुलाब पंचक्रोशीत मी एकटाच!" असा त्याचा तोरा.

एकदा शेजारच्या गोदूताईंनी लावायला फांदी मागितली. चंद्राक्का कात्री घेऊन येताच गुलाब ओरडला, "अगं आक्का, मला वाटून टाकतेस? मी निम्माच उरेन की!" आणि त्यानं तिच्या बोटात कचकन काटा रुतवला.

"गप रे, चिक्कू कुठला!" म्हणत तिनं फांदी कापलीच. गुलाब महिनाभर फुगून बसला.

पुढच्या वर्षी गावातल्या म्हैसवालीच्या, दावं तोडून आलेल्या म्हशीनं त्याला मुळासकट उपटलं आणि मिटक्या मारत खाल्लं.

"मेलो, मेलो!" गुलाब किंचाळला. पण आवाज आला कुंपणापलीकडून! बघतो तर काय, तो गोदूताईंच्या दारात मांडवभर फुललेला, आणि माश्या नेहमीसारख्या धडाधड आपटताहेत!

तेवढ्यात चंद्राक्का कात्री घेऊन आली. "गोदूताई, एखादी फांदी द्या की."

गुलाबानं घाईघाईनं काटे आवरले आणि गोदूताईंच्या आधी तोच म्हणाला,

"एक कशाला, आक्का? चार ने! आणि त्या म्हैसवालीलाही एक दे!"