पासवर्ड, नावाच्या रकान्यात

“…आणि शब्द बरोबर असूनही दार उघडत नसेल, तर चूक कुणाची, आक्का?”

चन्नाक्का शेंगा फोडत होत्या. शेंग फुटली. दाणे ताटात, टरफल परातीत.

“दाराला विचारलंस?”

“सकाळी सहापासून विचारतोय.”

“काय म्हणतं?”

“पासवर्ड चुकला म्हणतं.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“चुकला नाही म्हणतो.”

“बरं चाललंय की मग दोघांचं.”

हे झालं जतच्या पलीकडे, हद्दीवरच्या एका डोंगरमठात. मठाला चढताना तीनशे बारा पायऱ्या लागतात. उतरताना तीनशे अकराच भरतात. मी स्वतः चार वेळा मोजल्या आहेत. ती एक कुठं जाते, हे मठात कुणी सांगत नाही.

तिथं गादीवर बसेल त्याला महाराज म्हणायची रीत आहे. चन्नाक्कांकडे गादी आली तेव्हा त्या म्हणाल्या, मऊ आहे, पाठ दुखते. आणि सतरंजीवर बसल्या, त्या बसल्याच. महाराज म्हणून हाक मारणाऱ्याला त्या शेजारी बसवून शेरभर शेंगा फोडायला लावत. महिनाभरात सगळा मुलूख आक्का म्हणायला शिकला.

त्याआधी तीस वर्षं त्या तालुक्याच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. त्यांच्या यंत्राचा खडखडाट बाहेर बाकड्यावर ऐकून लोक अर्ज मंजूर की नामंजूर ते ओळखत आणि साहेबाच्या सहीआधीच घरी जात, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

विचारणारा रेवणसिद्ध. शिकलेला इंजिनिअर, पुण्यातली नोकरी सोडून मठात आलेला. हुशार होता, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

गावोगावच्या जुन्या पोथ्या आणून मठाच्या खोलीत संगणकावर टाइप करायचं काम चाले. संगणक जुना, पण त्याच्यावर लिनक्स. फुकटचं, आणि म्हाताऱ्या यंत्रावरही कुरकुर न करता चालणारं. ते रेवणसिद्धनंच बसवलं होतं. नकल करणारे आपापल्या देवाच्या नावाचे पासवर्ड ठेवतात म्हणून त्यानं त्यांना झापलं होतं. शेवटी सगळ्यांची खाती बंद केली. आता एकच खातं, त्याचं. रोज सकाळी तो दार उघडून देई, मग बाकीचे टाइप करायला बसत.

आज दार उघडलं नव्हतं.

“काय करायचं ठरवलंस?” आक्कांनी विचारलं.

रेवणसिद्धनं खिशातून पेनड्राइव्ह काढला.

“पासवर्डांची नोंदच खराब झाली असणार. सगळं पुसतो आणि लिनक्स नव्यानं टाकतो. दुपारपर्यंत यंत्र कोरं करकरीत.”

“आणि आतलं लिखाण?”

“…जाईल.”

“यंत्र न पुसता नुसता पासवर्ड बाहेरून बदलता येत नाही का रे?”

“येतो. पण लिखाण त्याच पासवर्डाच्या कुलपात ठेवलंय. बाहेरून बदलला तर आत जाता येईल, वाचता नाही येणार.”

“दुसरी प्रत?”

“आहे. कपाटात.”

“मग झालं तर.”

“तिलाही… तेच कुलूप आहे.”

“तोच पासवर्ड?”

“तोच. आणि त्या कुलपाची किल्ली याच यंत्रात. यंत्र पुसलं की तीही जाईल.”

दाराशी दुंडाप्पा उभा होता. साठीचा माणूस, खोलीतला सगळ्यात जुना नकलकार. एका बोटानं टाइप करणारा.

“आक्का, माझी बैलांची पोथी हाय त्यात,” तो म्हणाला.



बैलांच्या औषधांची ती पोथी खालच्या गावातल्या शिवगोंडाच्या घरची. दुंडाप्पानं ती एका बोटानं चौदा महिने बसून उतरवली. शेवटचं पान झालं तेव्हा त्या घरच्यांनी मूळ पोथीला हळदकुंकू वाहिलं आणि रिवाजाप्रमाणे नदीत सोडली. नकल झाली, आता जीर्ण पानांचे हाल कशाला, म्हणून. म्हणजे ती पोथी आता जगात एकाच कुलपाआड होती. आणि किल्ली त्या पेटीत.

“मूळ नदीत गेली,” दुंडाप्पा म्हणाला, “आन् नकल ह्यो बुडवतोय.”

“काका, माझाही जीव तुटतोय.”

“तुज्या जिवाला पुन्यांदा टाइप करावं लागत न्हाई.”

आक्कांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. त्यांनी ती परातीत टाकली.

“रेवणसिद्धा, किती वेळा पासवर्ड घातलास?”

“मोजलं नाही. साठ… सत्तर.”

“आणि तीनदा चुकला की काय होतं म्हणालेलास?”

“पंधरा मिनिटं कुलूप पडतं. तेवढ्यात पुन्हा घातला, तर ती पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.”

“त्या वेळात बरोबर घातला तरी?”

“तरी.”

“हा नियम कुणाचा?”

“…माझा. चोरांसाठी.”

“चोर एवढा वेळ थांबला नसता,” आक्का म्हणाल्या.

त्या उठल्या. शेंगांचं ताट घेतलं आणि टाइपाच्या खोलीत गेल्या. मागून रेवणसिद्ध, त्याच्यामागून दुंडाप्पा.

पडदा स्वच्छ होता. मधोमध रेवणसिद्धचं नाव, खाली पासवर्डाची रिकामी पट्टी. कोपऱ्यांत पूर्वी बारीकसारीक चिन्हं असत. दर्शनी पडद्यावर पसारा नको म्हणून त्यानं ती काढून टाकली होती.

“पासवर्ड लिहिताना काय दिसतं?”

“ठिपके.”

“किती?”

“जितकी अक्षरं तितके.”

“ठिपके बरोबर पडतात?”

“अगदी बरोबर.”

“म्हणजे संख्या बरोबर. अक्षरं कुणी पाहिली?”

“कुणीच नाही. तोच तर उद्देश आहे.”

“मग बरोबर कशावरून?”

रेवणसिद्धनं दोन्ही हात पुढं केले.

“ही बोटं चुकत नाहीत, आक्का.”

“माझीही चुकत नसत. एकदा अख्खी दुपार शाईची फीत नसलेल्या यंत्रावर टाइप केलं होतं मी. एकही चूक नाही.”

दुंडाप्पा खो खो हसला. रेवणसिद्ध हसला नाही.

“याच्यावर नाव लिहायचा वेगळा रकाना आहे ना रे? यादीत नसलेल्या माणसासाठी?”

“आहे.”

“नावाला ठिपके पडतात?”

“नाही. नाव उघड दिसतं.”

“तिथं तुझा पासवर्ड लिही.”

…

रेवणसिद्धनं हात मागं घेतले.

“नुसता लिही. एंटर दाबू नकोस. बघ आणि खोड.”

“आक्का, पासवर्ड उघड्यावर लिहायचा नसतो. हा पहिला नियम आहे.”

“आणि पोथी पुसायची असते, हा कितवा?”

“इथं लोक आहेत.”

“लोक म्हंजे मी,” दुंडाप्पा म्हणाला. “आरं, मला इंग्रजी अक्षर एक-एक हुडकावं लागतंय. तू लिवून खोडशील तवर माझं पयलं अक्षर बी लागायचं न्हाई.”

“तरीपण, काका… तुम्ही बाहेर जा.”

दुंडाप्पाचं हसू गेलं.

“चौदा म्हैनं आत बसलो,” तो म्हणाला, “आन् आता भाईर मीच?”

पण गेला. दार ओढून घेतलं. पायरीवर बसल्याचा आवाज आला.

रेवणसिद्धनं आक्कांकडे पाहिलं. मग दाराकडे. पुन्हा आक्कांकडे.

आक्कांनी चष्मा काढला. घडी घातली, डबीत ठेवला, डबी कंबरेला खोचली. मग खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“लिही आता,” त्या म्हणाल्या.

त्यानं लिहिलं. बोटं खरोखर चुकत नव्हती. एका दमात लिहिलं आणि वर पाहिलं.

पडद्यावर होतं:

ीानोलसोपोीोर

बिनअक्षरांच्या वेलांट्या. अधांतरी मात्रा. भाजलेल्या पापडासारखं काहीतरी.



“आक्का…”

“हं.”

“काल संध्याकाळी मी एक सुधारणा केली.”

“हं.”

“यंत्र सुरू झाल्या क्षणापासूनच कीबोर्ड मराठी असावा, असं करून ठेवलं. मठाचं यंत्र, त्यानं जागं होतानाही मराठीच बोलावं म्हणून…”

“चांगलं केलंस.”

“आणि मी सकाळपासून इंग्रजीतला पासवर्ड…”

“त्याला मराठीत ऐकू येत होता,” आक्का म्हणाल्या. “ते बिचारं खरंच सांगत होतं.”

“कीबोर्ड कुठला चालू आहे ते सांगणारं एक चिन्ह असतं, कोपऱ्यात. तेही मीच…”

तो थांबला. दोन कळा एकदम दाबल्या. कीबोर्ड इंग्रजीत आला. रकाना पुसला आणि पासवर्ड पुन्हा लिहिला.

या वेळी स्वच्छ उमटला. आधी त्याचं स्वतःचं नाव, अर्ध्यावर तोडलेलं, आणि त्याला चिकटून आणखी एक शब्द. तो शब्द मी आत्ता सांगणार नाही. गोष्ट सांगणाऱ्यानं एखादी गोष्ट तरी पोटात ठेवावी.

रेवणसिद्धनं तो इतक्या झटक्यात पुसला की शेवटची कळ आत रुतून बसायची. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मागं वळून पाहिलं. आक्का खिडकीपाशीच होत्या. चष्मा डबीत होता.

त्यानं श्वास सोडला, वरचं आपलं नाव निवडलं आणि पासवर्डाच्या पट्टीकडे बोटं नेली…

तेवढ्यात कीबोर्डवर शेंगांचं ताट आलं.

“पंधरा मिनिटं,” आक्का म्हणाल्या.

“पण आता बरोबर माहीत आहे!”

“आत्ता बरोबर घातलास तरी नाही म्हणेल. नियम तुझाच.”

“…हो.”

“फोड.”

त्यानं शेंगा फोडल्या. एक. दुसरी. तिसरी. हात दोनदा ताटाखाली सरकला. दोनदा आक्का नुसत्या खाकरल्या. तिसऱ्यांदा सरकला नाही.

बाहेर पायरीवर दुंडाप्पा एकाच बोटानं गुडघ्यावर काहीतरी टाइप करत होता. आठवेल तितकी पोथी आठवून बघत असावा. मी विचारलं नाही.

ताटातल्या शेंगा संपल्या.

“घाल आता.”

रेवणसिद्धनं पासवर्ड घातला. सावकाश.

ठिपके पडले. क्षणभर काहीच झालं नाही…

आणि दार उघडलं. पोथ्यांची सगळी यादी, एकाखाली एक, काल ठेवली होती तशी.

तो स्वतःच दाराकडे धावला.

“काका! आत या! आहे, सगळी आहे!”

दुंडाप्पा आत आला. खुर्चीवर बसला नाही. उभ्यानंच वाकून त्यानं आपली पोथी उघडली, आणि बोट पडद्यापासून चार अंगुळं दूर धरून वाचू लागला.

“‘बैल चारा टाकील, कान गार पडतील, तर प्रथम त्यास हाका मारू नये. जवळ बसावे…’” त्यानं मान वर केली. “हाय. हाय, आक्का. माझी हाय.”

“तिसऱ्या ओळीत ‘सुंठ’वरचा अनुस्वार राहिलाय,” आक्का खिडकीपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या.

दुंडाप्पानं तिसरी ओळ पाहिली.

“आयला! खरंच की.” त्यानं एका बोटानं तो दिला.

रेवणसिद्धचा हात ताटावरच थांबला. त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मधे पाच पावलांचं अंतर. मग आक्कांच्या कंबरेला खोचलेल्या डबीकडे.

डबी बंद होती.

आक्का टरफलांची परात उचलत होत्या. त्यांना जवळची शेंग दिसत नसे, म्हणून त्या चष्मा लावीत. लांबचं त्यांना कधीच अडलं नव्हतं. हे मठात कुणालाही ठाऊक होतं. विचारलं असतं, तर.



“आक्का,” रेवणसिद्ध म्हणाला. आवाज खाली आला होता. “उघड्यावर लिहिलेला पासवर्ड लगेच बदलायचा असतो. नियम आहे.”

“बदल की.”

“कसा ठेवू? अंक घालू, चिन्हं घालू, लांब करू… कसा ठेवला म्हणजे पक्का होईल?”

आक्का दाराशी थांबल्या. परात कंबरेवर घेतली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या त्याच्याशी अहो-जाहो बोलल्या.

“नावाच्या रकान्यात लिहायची वेळ आली, तर दुंडाप्पाला बाहेर घालवावं लागणार नाही, असा ठेवा… रेवणमहाराज.”