धैर्यशीलचा तिसरा स्टँड

“...आणि हाही तुटला तर मी काय करू, वस्ताद?”

धैर्यशील शिंत्रेनं मोटरसायकलखालच्या स्टँडकडे बोट दाखवलं. जोडाला चांगली करंगळीएवढी चीर पडली होती. बाबालाल वस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नुसतंच “हं” केलं.

कोल्हापुरात मोटरसायकलची शर्यत मारणाऱ्या दोन पिढ्या या म्हाताऱ्याच्या हाताखालून गेल्या. धैर्यशील त्यातला सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत हट्टी. स्वतःचा कारखाना, घरात चषकांनी भरलेलं कपाट, आणि कुणाला सल्ला विचारायची सवय अजिबात नाही. तोच आज वस्तादांना कारमध्ये घालून घरी घेऊन आला होता. म्हणजे गडी पुरता घायकुतीला आला होता.

आणि कशासाठी, तर पॅडॉक स्टँडसाठी! मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर उचलून धरायचं, म्हणजे माणसाला चेन पुसता येते, तेल घालता येतं. त्या लोखंडाचं काम तेवढंच.

“पहिला बाजारातला. वाकला, तो बघा शेडच्या कोपऱ्यात पडलाय. हा दुसरा मी कारखान्यात करून घेतला, दुप्पट जाड पाइपचा. तिसरा तुम्ही सांगाल तो घेतो. किमतीचं बघू नका, मजबूत पाहिजे.”

“गाडीचं वजन तेवढंच आहे ना?”

“तेवढंच.”

“मग दुप्पट जाड पाइपचा जोड सुटला कसा, लेका? गाडी काय रोज जेवून फुगते?”

धैर्यशील हसला नाही.

वस्तादांनी वाकून मीटरवरची धूळ अंगठ्यानं पुसली. आकडा वाचला. परत वाचला.

“गेल्या वेळी गाडी मीच खोलली होती. एवढी कुठं फिरवलीस रे?”

“कुठंच नाही. मालविका गेल्यापासनं गेटाबाहेर काढलेली नाही.”

मालविका त्याची बायको. दोन वर्षांमागं तापाचं निमित्त झालं आणि हां हां म्हणता गेली. त्याआधी दर रविवारी दोघं गगनबावड्याला जायची. हा चालवणार, ती मागं बसणार, आणि वळण जवळ आलं की त्याच्या पाठीवर दोन बोटं टेकवणार. जिल्ह्यात कुणाच्या बापाला न ऐकणारा हा माणूस त्या दोन बोटांनी मुकाट हळू व्हायचा.

“गाडी गेटाच्या आत, आणि मीटर पुढं?”

धैर्यशीलनं नजर वळवली.

“बसतोस तू हिच्यावर,” वस्ताद म्हणाले. “स्टँडवर चढवलेली असताना बसतोस.”

स्टँडवरच्या गाडीवर बसायचं नाही, हा वस्तादांचा पहिला धडा. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर त्यांनी कानाखाली जाळ काढला असता. धैर्यशीलनं मान खाली घातली.

“रोज संध्याकाळी,” तो म्हणाला. “चालू करतो, गिअर टाकतो आणि डोळे मिटतो. चाक फिरत राहतं, वस्ताद. गगनबावड्याच्या रस्त्यावरचं कळे येतं. साळवण येतं. असळज येतं... ती मागं असते.”

“मग रस्त्यावर का काढत नाहीस?”

“रस्त्यावर मागं बघितलं तर सीट रिकामी दिसणार. इथं डोळे मिटता येतात.”

“आणि स्टँड?”

“दोघांचं वजन पेलेल असा पाहिजे.”

वस्तादांनी फडक्याला हात पुसले. हात स्वच्छच होते, तरी पुसत राहिले.

“बस,” ते म्हणाले.

“आत्ता? जोड गेलाय त्याचा.”

“मी धरतो मागनं. तू बस.”

धैर्यशील बसला. लाज वाटली त्याला, पण बसला. इंजिन चालू झालं, चाक गरगरायला लागलं, काटा वर चढला. त्यानं डोळे मिटले. वस्ताद मागं गाडी धरून उभे होते. किती वेळ कुणास ठाऊक.

मग ते पुढं झुकले आणि त्यांनी त्याच्या मानेवर हलकेच फुंकर मारली.

“मालू!”

धैर्यशील ओरडला. हात सुटले, पाय ब्रेकवर दाबला गेला, इंजिन गचका खाऊन बंद पडलं. चाक थांबलं.

“ओढणी,” तो म्हणाला. “तिची ओढणी... टोक उडून मानेला लागायचं. गुदगुल्या व्हायच्या. मी चिडायचो, बांधून बस म्हणायचो. ती मुद्दाम सोडायची.”

“हं.”

“रोज बसतो, वस्ताद. सगळं येतं. गावं येतात, वळणं येतात, पाठीवर बोटंसुद्धा येतात. ओढणी तेवढी येत नाही. दोन वर्षं झाली, एकदा आली नाही! का येत नाही?”

वस्ताद खाली वाकले, स्टँडचा दांडा धरला आणि अलगद वर उचलला. मागचं चाक जमिनीला टेकलं. धैर्यशीलचे दोन्ही पाय आपोआप खाली आले, गाडी सावरायला.

त्याला रडू आवरेना. शर्टाच्या बाहीनं तो नाक पुसत राहिला, लहान पोरासारखा.

वस्ताद चालत शेडच्या दाराशी गेले. दोन्ही फळ्या सताड उघडल्या, तसा बाहेरचा वारा आत आला. समोर अंगण, अंगणापुढं गेट, आणि गेटापुढं डांबरी रस्ता. म्हातारा रमतगमत गेटापर्यंत गेला, तेही उघडलं.

“वस्ताद,” धैर्यशीलनं हाक मारली. “स्टँडचं सांगितलं नाहीत. कुठला घेऊ?”

वस्ताद वळले. गाडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

“जरा पुढं सरकून बस,” ते म्हणाले. “मागं जागा ठेव.”