मागे राहणारा बेस

"मग यात कमी काय आहे, सर?"

कौस्तुभ चुरीने पुन्हा विचारलं. बावतीस सर खिडकीतून केळीच्या वाडीकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

बावतीस लोपीस हे वसई पट्ट्यातलं इलेक्ट्रिक गिटारमधलं जुनं नाव. तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये सगळं काही वाजवायचे. मग कधीतरी ब्लूज कानावर पडला, अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी आपल्या दुःखाला दिलेला तो सूर, आणि बाकीचं सुटलं. गास गावातल्या त्यांच्या घरी पोरं शिकायला यायची. त्यांत सगळ्यात तयारीचा कौस्तुभ. आजचे नामांकित ब्लूज गिटारवाले त्याने रेकॉर्डिंग ऐकून ऐकून असे घोटले होते, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला तो कोण आणि ते कोण, हे सांगता येऊ नये. हे त्यालाही ठाऊक होतं. ते त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायचं.

आता त्याची स्वतःची पहिली रेकॉर्ड निघाली होती. वाहवा झाली. पण कार्यक्रमात लोक त्याच्या बोटांकडे बघत, टाळ्या वाजवत आणि गाणं संपायच्या आधी आपापसात बोलायला लागत. गप्प कुणी होत नव्हतं. हेच त्याला आत खात होतं, म्हणून तो आला होता.

सरांनी सबंध रेकॉर्ड ऐकून घेतली होती.

"बेस कुणी वाजवलाय?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार, हे कौस्तुभला घरातून निघतानाच माहीत होतं.

"मुंबईचा एक जण आहे. स्टुडिओतला."



बेस, म्हणजे ठेका धरून चालणारी खर्जातली गिटार, जॉएल वाजवायचा. सरांचा एकुलता एक मुलगा. तो आणि कौस्तुभ याच खोलीत शेजारी शेजारी बसून शिकले होते. दोन्ही किडन्या गेल्यावर जॉएल डायलिसिस उरकून तसाच स्टुडिओत यायचा आणि खुर्चीत बसून वाजवायचा. त्याचा हात ठेक्याच्या किंचित मागे पडायला लागला. कौस्तुभने आधी त्याचे सूर कॉम्प्युटरवर ओढून ठेक्याला आणून बसवले. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा दुसऱ्याला बोलावलं. जॉएलला त्याने हे समोर बसून सांगितलं नाही, मेसेज टाकला. 'बरं,' एवढंच उत्तर आलं. रेकॉर्ड निघायच्या आत जॉएल गेला. दफनाच्या दिवशी कौस्तुभ चर्चच्या फाटकापर्यंत आला होता. आत गेला नाही.

"जॉएलचं काही राहिलंय तुझ्याकडे?" सरांनी विचारलं.

राहिलं होतं. स्टुडिओवाल्याने जुनं सगळं पुसून टाकलं होतं, पण रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी एका दमात वाजवून घेतलेला एक कच्चा टेक कौस्तुभच्या फोनमध्ये पडून होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. त्याने तो एकदाही लावला नव्हता.

सरांनी हातानेच खूण केली. लाव.

आधी खुर्ची करकरली. मग जॉएलचा खोकला. मग बेस सुरू झाला… प्रत्येक सूर उशिरा, धाप लागलेल्या माणसाने जिना चढावा तसा.

आणि गिटार. कौस्तुभला स्वतःचा हात ओळखू येईना. ती गिटार एवढंसं काही बोलत होती आणि थांबत होती. बेस येऊन पोचला की मगच पुढे सरकत होती. एका ठिकाणी जॉएल पार हरवला, तर गिटारने एकच सूर धरून ठेवला, कापरा, तो परत येईपर्यंत. त्या दिवशी कौस्तुभचं सगळं लक्ष जॉएलच्या चेहऱ्याकडे होतं. त्याला झेपतंय का, एवढंच तो बघत होता. कौशल्य दाखवायचं त्याला सुचलंच नव्हतं.

शेवटी जॉएलचा आवाज आला.

"सॉरी रे. परत घेऊया."

मग काहीच नाही.

कौस्तुभचे डोळे भरून आले. हाच टेक लोकांसमोर आणायचा, असं तो म्हणाला. वर जॉएलचं नाव, जॉएलचा फोटो. हे ऐकून माणसं रडतील. बोलता बोलता त्याच्या आवाजात पुन्हा धार आली. काय कमी होतं, ते त्याला सापडलं होतं, आणि आता तेही लोकांना दाखवायचं होतं.

सरांनी हात पुढे केला.

"फोन दे."

त्यांना बारीक अक्षरं दिसत नसत. पुसायचं बटण कुठलं, असं त्यांनी विचारलं. चुकून हात लागू नये म्हणून विचारत असतील, असं कौस्तुभला वाटलं. त्याने बोट ठेवून दाखवलं. एकदा गेलं की परत येत नाही, हेही सांगितलं.

सरांनी ते दाबलं. फोनने पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा दाबलं.



"सर… तो एकच होता."

"हो."

"तुमचा जॉएल होता त्यात."

सरांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. गुडघ्यावर भार देऊन उठले, भिंतीवरची गिटार काढली, कौस्तुभच्या मांडीवर ठेवली आणि अँप्लिफायर चालू केला. खोलीभर त्याची घरघर पसरली.

कौस्तुभने बोटं तारांवर टेकवली. ती उचलवेनात. नाकातून, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

"काय वाजवू?" त्याने विचारलं.

सर समोरच्या खुर्चीत बसले. डोळे मिटले.

"थांब," ते म्हणाले. "त्याला येऊ दे."