मधल्या घराची कमाई

“म्हणजे आपला तालुका गरीब झाला, असंच ना?” माईंनी विचारलं.

“मी नाही म्हणत. आकडा म्हणतो,” श्रीरंग म्हणाला.

आकड्याच्या मागे उभं राहून बोलायची त्याला सवय होती. ती लागली माईंच्याच वर्गात. त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होऊन गावी आल्या, तरी तो येत राहिला. लोक बिस्किटांचा पुडा आणतात, हा आकडा आणायचा.

उद्या पंचायत समितीत त्याला अहवाल वाचायचा होता. त्यावर मार्गदर्शक म्हणून माईंचं नाव हवं होतं, आणि माई अजून हो म्हणाल्या नव्हत्या.

माई सुपात तांदूळ निवडत होत्या. “कसा काढलास?”

“घरं कमाईप्रमाणे रांगेत लावली. सगळ्यांत कमी कमावणारं पहिलं, सगळ्यांत जास्त कमावणारं शेवटी. त्यातलं बरोबर मधलं धरलं. दहा वर्षांपूर्वीचं मधलं घर आणि आजचं. महागाई वजा केली... आजचं घर त्याच्या पाऊणपटच कमावतं.”

माईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“चूक काढा की,” तो म्हणाला. चूक नाहीच, अशी खात्री असलेला माणूस म्हणतो तसा.

“घर म्हणजे काय धरलंस?”

“एका चुलीवर जेवणारी माणसं. तुम्हीच पाठ करून घेतलंय.”

“हं... मग आमची घरं किती?”

“दोन. मागच्या वेळी एक होतं. तुमच्या धाकट्याचं लग्न झालं, मागच्या खोलीत त्यांची चूल मांडली. म्हणजे शेगडी.”

“आणि मी कुठल्या घरातली?”

श्रीरंग हसला. “तो घोळच झाला होता. दोन्ही सुनांनी तुम्हाला आपापल्या घरात लिहून दिलं. तुम्ही दोनदा मोजल्या गेलात. मग मी एकीकडचं नाव खोडलं.”

“कुणाकडचं?”

“...धाकटीकडचं.”

“तिला सांगू नकोस.” माईंनी सूप बाजूला ठेवलं. “चल, पानं घेतलीत.”

थोरली सून कुंदा वाढत होती. नाचणीची भाकरी, लोणी. तेवढ्यात मागच्या दारातून धाकटी तेजल आली. तिने श्रीरंगच्या पानाशी फणसाच्या भाजीची वाटी ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

कुंदाने न विचारता तव्यावरच्या तीन भाकऱ्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिल्या.

“हिची भाकरी अजून फुगत नाही,” कुंदा म्हणाली.

“आणि वहिनींना फणस चिरायला नको,” तेजल हळूच म्हणाली, आणि गेली.

श्रीरंग पोटभर जेवला.

“कुठल्या घरी जेवलास?” माईंनी विचारलं.

“इथेच की.”

“भाकरी इथली. भाजी?”

“मागची.”

“मग कुठल्या घरी जेवलास?”

श्रीरंगने वाटीकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे.

“तालुक्यात माणसं तेवढीच आहेत,” तो म्हणाला. “चुली मात्र जवळजवळ दीडपट झाल्यात. घर लहान झालं, म्हणून घराची कमाई कमी दिसते. माणशी काढली तर... तर ती वाढलेली निघेल, माई. थोडी, पण वाढलेली. तालुका गरीब नाही झाला, सुधारलाय.”

“जेवायला बसलास तेव्हा गरीब होता ना?”



कुंदा पदराआड हसली आणि श्रीरंगच्या पानात ताक ओतायला वाकली.

“मग उद्या वाचू काय?” त्याचा आवाज आता आकड्याच्या मागून येत नव्हता. “तुमचं नाव नसेल तर मी जाणारच नाही.”

“तुला काय वाचावंसं वाटतं?”

“दोन्ही. घराची कमाई घटली तेही, माणशी वाढली तेही. आणि चुली कशा वाढल्या, ते सांगतो. तरीही कुणी विचारलं, की खरं काय... तर मला अजून नीटसं कळलेलं नाही, म्हणून सांगतो.”

माईंनी ताकाचा घोट घेतला.

“मग लाव नाव.”

श्रीरंगला एकदम हलकं वाटलं. तो हात धुऊन आला. तेजलची वाटी त्याने स्वतः घासली, पुसली आणि मागच्या दाराकडे निघाला.

“रिकामीच नेतोस?” माई म्हणाल्या.

तो थबकला. शेजारघरची वाटी रिकामी परत करत नाहीत, हे त्याच्या आईनेही त्याला शिकवलं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुंदा मदतीला येईल असं वाटलं, पण ती मुद्दाम ओटा पुसत राहिली.

“यात मी काय घालू, माई? मी तर पाहुणा...”

माईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि निवडायचे मूठभर तांदूळ त्याच्यापुढे ठेवले.

“तालुकाभर लोकांना त्यांची कमाई विचारून आलास ना... आता तुझी घाल.”