जांभळीचा आणखी एक थर

काचही बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. भट्टीशेजारी एक बारीक चाळणी राहायची. रंगीत काचपूड भुरभुरून ती तावदानावर फुलपाखरू काढत होती. तावदान खिडकीत बसणार होतं, म्हणून पंखांतून ऊन आरपार यायला हवं होतं.

"चाळणीबाई, मी फिकट दिसतेय. अजून घाला ना," जांभळी पूड म्हणाली.

"अगं बाई, भट्टीत गेल्यावर रंग गडद होतो. किती वेळा सांगू?"

"तुमचा हातच आखडता!"

हा टोमणा तिसऱ्यांदा ऐकल्यावर चाळणी वैतागली आणि तिनं होती नव्हती तेवढी पूड भुरभुरली.

भट्टी निवली. पंख काळेकुट्ट झाले होते, उन्हाचा कवडसाही पलीकडे जाईना. चाळणीनं डोळे मिटून घेतले.

तावदानातून जांभळी म्हणाली, "बघा, एक थर कमीच पडला!"