चुंबळवालीची नड

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या गावाचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. पण तिथे नदीकाठी दर आठवड्याला बाजार भरायचा आणि त्या बाजाराची एक रीत होती, एवढं मात्र नक्की.

पुरुषाने यावं, घोंगडी अंथरावी, माल मांडावा. त्याला कुणी काही विचारत नसे. बाईला मात्र आधी बाजाराच्या महाजनांपुढे, चारचौघांत, आपली नड सांगावी लागे. कधीकाळी दुष्काळ पडला तेव्हा एका दयाळू महाजनाने अडलेल्या बायकांना अशी जागा दिली होती. दुष्काळ संपला, ते महाजनही गेले, रीत तेवढी राहिली. नड पटली तर जागा, नाहीतर घरी जा.

आता तुम्हीच सांगा, धडधाकट घरातल्या बाईला काही विकावंसं वाटलं तर तिने काय करायचं? बायका नड तयार करत. पापडवालीने सांगितलं होतं, नवऱ्याचा पाय अधू आहे. तेव्हापासून तो बिचारा बाजाराच्या दिवशी लंगडायचा. पुढे पुढे रोजच लंगडायला लागला, कारण महाजन कुठे भेटतील याचा नेम नव्हता. रस्त्याकडेचं त्याचं शेत पडून राहिलं. नांगर धरलेला दिसला असता तर बायकोची जागा गेली असती ना! भाजीवालीचा नवरा खोकायचा, आणि त्या खोकल्यापायी त्यांच्या लेकीला स्थळ येत नव्हतं.

याच गावात एक तरुण सून होती. नवरा कामसू, सासू मायाळू, घरात कशाला कमी नाही. पाणवठ्यावर बायका घागरी उचलायच्या तेव्हा ही त्यांच्या माना बघायची. घागरीखाली डोक्यावर ठेवलेली जुन्या लुगड्याची चुंबळ भिजायची, सरकायची, घागर कलंडायची आणि मान अवघडायची. मग सुनेने गवताचा पीळ घातला, त्यावर लोकर गुंडाळली आणि मधला खळगा डोक्यावर नीट बसेल असा राखला. ती पहिली चुंबळ तिने सासूला दिली. सासू भरली घागर घेऊन चढण चढून आली आणि म्हणाली, "अगं, पाणी आणलं की नाही तेच कळेना!"

झालं. त्या दिवसापासून सुनेला दुसरं काही सुचेना. आपली चुंबळ गावोगावच्या बायकांच्या डोक्यावर जावी, असं तिला फार वाटायचं. आणि बाजारात बसल्याशिवाय ते होणार नव्हतं.

"काहीतरी दुखणं सांग बाई," पापडवाली तिला म्हणाली. "त्याशिवाय महाजन आबा जागा देत नाहीत."

नवरा म्हणाला, "मी बहिरा बनतो. मला काही जड नाही."

"तसाही कुठे ऐकतोस माझं!" सासू म्हणाली.

सून हसली खरी, पण तिला तो लंगडणारा माणूस आठवला आणि तिचं हसू मावळलं.

बाजाराच्या दिवशी महाजन पारावर बसले होते. "बोल पोरी, नड काय?"

सुनेने चुंबळींचं गाठोडं खाली ठेवलं. "नड काही नाही, आबा. घरात सगळं बरं आहे."

"मग इथे कशाला आलीस?"

"मी चुंबळी करते. चांगल्या करते. त्या विकाव्यात असं वाटतं, म्हणून आले."

लोक खो खो हसले. घरोघरी चिंध्या पडलेल्या असताना चुंबळ कोण विकत घेणार! महाजन माणूस म्हणून वाईट नव्हते, पण रीत म्हणजे रीत. "ही जागा अडलेल्यांची आहे," ते म्हणाले. "तू घरी जा." सुनेने डोळे पुसले आणि गाठोडं उचललं.

तेवढ्यात पापडवाली उठली. "मग मलाही उठवा, आबा. माझ्या नवऱ्याचा पाय चांगला आहे."

तिच्या शेजारी बसलेला नवरा दचकून उभा राहिला, तोही दोन्ही पायांवर.

"मग तू का बसतेस?" महाजनांनी विचारलं.

"कुणी म्हणतं, काकूंचेच पापड द्या. ते ऐकायला मला आवडतं."

भाजीवाली बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आमच्याकडेही खोकला नाही. सणाला लेकीला काही घ्यावं तर ते माझ्या कमाईचं असावं, म्हणून बसते मी."

सगळ्यांत शेवटी केरसुण्या विकणारी म्हातारी बोलली. तिची नड मात्र खरी होती. "धनी गेले तेव्हा पोटासाठी आले होते, आबा. आता लेक कमावतो. घरी बस म्हणतो. पण घरात मी नुसती म्हातारी असते. इथे मला माझं काम असतं."

महाजन पारावरून उठले. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. "मी दुःख विचारत राहिलो, म्हणून तुम्ही दुःख आणत राहिलात," ते म्हणाले. "माल विचारायचा राहूनच गेला. पोरी, आण ती चुंबळ इकडे."

त्यांनी पागोटं काढलं, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि भरली घागर घेऊन सगळ्या बाजारातून चालत गेले. घागर हलली नाही. परत आले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता. "आमच्या कारभारीणबाई रोज मान धरून बसतात. कधी विचारलं नाही मी. एक त्यांच्यासाठी दे, आणि तुझी घोंगडी इथे पाराजवळ अंथर."

सुनेच्या गाठोड्यातली एकही चुंबळ त्या दिवशी परत गेली नाही. पुढे त्या बाजारात बाई असो की पुरुष, एकच प्रश्न विचारला जाऊ लागला, "काय आणलंस?" भाजीवालीच्या नवऱ्याचा खोकला थांबला आणि लेकीचं लग्न जमलं. पापडवालीचा नवरा तर त्या संध्याकाळी रिकामी टोपली डोक्यावर घेऊन घरापर्यंत पळत गेला. बायको मागून हाका मारत होती, पण तो थांबायला तयार नव्हता. सकाळी लोकांनी पाहिलं, तो रस्त्याकडेच्या शेतात नांगर धरून मोठमोठ्याने गात होता.

लहानांनी आणि थोरांनी मनाशी ठेवावं ते एवढंच: जिला काही करून दाखवायचं आहे, तिच्याकडे दुःखाचा पुरावा मागू नये, तिचं काम पाहावं.