पिंपळावरचे सुभेदार

एका राज्यात राजा होता नावापुरता, आणि हुकूम चाले दोघांचा. कधी प्रधानांचा, कधी सेनापतीचा. प्रधानांचा जोर असला की डोंगरापलीकडच्या तळेप्रांतावर पगडीवाला सुभेदार येई. सेनापतीने प्रधानांना घरी बसवले की पगडी जाई आणि शिरस्त्राण येई. प्रांताने दोन्ही पाहिले होते, आणि दोन्हींना सारखाच मुजरा करायला तो शिकला होता.

नव्या सुभेदाराची तिथे एक रीत होती. कचेरीच्या पायरीवर उभे राहून तो नगाऱ्यावर टिपरू हाणी आणि ललकारी देई, "मागचे ते गेले. या प्रांताचा पहिला सुभेदार मी!" पगडीवाला असो की तलवारवाला, जो येई तो पहिलाच. दुसरा सुभेदार त्या प्रांताला कधी लाभलाच नाही. आणि नगारा वाजला की आधीचा सुभेदार असेल तिथे पक्षी होई. पगडीवाल्याची साळुंकी होई, तलवारवाल्याचा ससाणा. उडून तो कचेरीसमोरच्या पिंपळावर जाऊन बसे. लोकांना त्याचे नवल उरले नव्हते. पिंपळाखाली बसू नये, अंगरखा खराब होतो, एवढेच ते पाहुण्यांना सांगत.

पिंपळाखाली रोज बसणारी एकच होती. ती अंबुजा, विद्याधरपंत सुभेदारांची एकुलती लेक. पोरगी भारी चौकस. पोळी फुगते कशाने इथपासून राजा दिसत का नाही इथपर्यंत विचारून तिने बापाला भंडावून सोडले होते, आणि पंत बापडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत. मागल्या चैत्रात सेनापतीचा सरदार रणमल्ल घोड्यावरून आला, त्याने नगारा वाजवला, आणि पंत भरल्या पानावरून साळुंकी होऊन उडाले.

आरंभी साळुंकी पुष्कळ बोले. पुढे बोलणे आटत गेले. आधी श्लोक गेले, मग गावांची नावे गेली, मग घरच्यांची. त्या झाडावरच्या सगळ्यांचे असेच होई. शेवटी प्रत्येकाजवळ दोनच गोष्टी उरत, एक ती ललकारी आणि दुसरी आधीच्या सुभेदाराच्या नावाने शिव्या. एके सकाळी अंबुजेने हाक मारली, तर साळुंकीने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिले आणि म्हटले, "मी पहिला." अंबुजेला रडू कोसळले. बापाला आपले नाव आठवू नये आणि हे आठवावे, याचा तिला रागही आला.

रडून झाल्यावर तिला प्रश्न पडला. हे असे होते तरी का? आजवर कोणी विचारलेच कसे नाही? कचेरीत विचारले तर कारकून म्हणाले, रीत आहे. देवळात विचारले तर पुजारी म्हणाले, दैव आहे. मग ती तळ्यापलीकडच्या कोरड्या उतारावर गेली. तिथे तमालिनी नावाची जोगीण राही. तिच्या शब्दाने पाऊस थांबतो आणि दगड घामेजतो, असे लोक सांगत, आणि ते खरेच होते.

"शाप माझाच आहे," जोगीण म्हणाली. "उतरवायचा तर कामे तीन. पहिले झाल्याशिवाय दुसरे सांगणार नाही. जा, या प्रांताचा खरा पहिला सुभेदार कोण, ते शोधून आण."

अंबुजा परत आली. झाडाला विचारले, तर झाडभर एकच कालवा झाला, मी पहिला, मी पहिला. दोन दिवस ती कानांवर हात ठेवून बसली. तिसऱ्या दिवशी तिने हात काढले आणि शिव्या नीट ऐकल्या. तिच्या बापाची साळुंकी एकाच नावाने बोटे मोडत होती, भैरवसेनाच्या. त्याचीच छावणी उठवून पंत गादीवर आले होते. भैरवसेन नावाचा ससाणा वरच्या फांदीवर होता. तो मुकुंदशास्त्र्यांना लाखोली वाहत होता. मुकुंदशास्त्री साळुंकी होऊन ढोलीपाशी बसले होते, आणि त्यांच्या तोंडी तिसराच. ज्याने ज्याला हुसकावले त्यालाच तो शिव्या देई, दुसऱ्याच्या वाटेला जात नसे. अंबुजा शिव्यांचा माग धरून फांदी फांदी वर चढली. शेंड्यावर पिसे झडलेला एक ससाणा होता, कर्कसेन. तो कोणा सोमदेवाच्या सात पिढ्या उद्धरत होता. सोमदेव नावाचा पक्षी झाडावर नव्हताच.

"सोमदेव," तिने उतारावर जाऊन सांगितले. "आणि तो पक्षी झाला नाही."

"तो माणूस म्हणून जगला आणि माणूस म्हणून गेला," जोगीण म्हणाली, आणि मग तिने सगळे सांगितले. सोमदेवाने तळे बांधले तेव्हा खालची गावे पाण्यात गेली. लोक या उतारावर येऊन राहिले. तळ्याचे पहिले पाणी तुम्हाला, असे वचन त्याने पाण्यात उभे राहून दिले. पाट खणून होतो तोच कर्कसेन आला. म्हणाला, वचन मागच्याचे, मला काय त्याचे? पाणी छावणीच्या घोड्यांना गेले. त्याच्यामागून पगडीवाला आला, त्याने ते आपल्या बागेला नेले. उतारावरची माणसे तळ्याकडे बघत हंडे घेऊन कोसभर दूर जात राहिली. तेव्हा ही जोगीण बोलली की ज्याला आपल्याआधी कोणी नको, त्याने झाडावर बसावे.

"माझ्या बाबांनीही पाणी दिले नाही?" अंबुजेने विचारले.

"तुझ्या बाबांनी चौकशी नेमली," जोगीण म्हणाली. "आता दुसरे काम. झाडावरच्या प्रत्येकाने आधीच्याबद्दल एक बरा शब्द बोलावा. मनापासून."

हे काम जिकिरीचे होते. पण पोटात शिरल्यावाचून ओठांवर येत नाही, हे अंबुजेला ठाऊक होते. एका पगडीवाल्याने धान्याचे कोठार बांधले होते. त्याच्यामागून आलेल्या ससाण्याला तिने कोठाराच्या कौलांवर नेऊन सोडले. पोट भरल्यावर तो पुटपुटला की उंदीर चांगले आहेत. जोगिणीने एवढे चालवून घेतले. मुकुंदशास्त्र्यांना तिने आधीच्या सरदाराने लावलेल्या चिंचेखाली ऐन उन्हात नेले, तेव्हा ते सावलीला बरी म्हणाले. एकेकाने असे नाक मुरडत का होईना, म्हटले. कर्कसेनालाही तळ्यात आंघोळ आवडली.

राहिली तिच्या बापाची साळुंकी. तिला घेऊन अंबुजा भैरवसेनाच्या विहिरीवर गेली. सैन्यासाठी खणलेली ती विहीर, पण पंत लेकीला खांद्यावर बसवून तिथेच पाणी पाजायला आणत, आणि मनातल्या मनात भैरवसेनाला शिव्या देत. तिने ओंजळ भरून पुढे केली. साळुंकी म्हणाली, "मी पहिला." अंबुजेने ओंजळ हलवली नाही. हात भरून आले, पाणी बोटांतून गळू लागले. साळुंकीने चोच बुडवली, मान वर केली, पुन्हा बुडवली.

"गोड," ती म्हणाली.

मग जोगिणीने तिसरे काम सांगितले, आणि ते रणमल्लाच्या हातचे होते. गादीवर बसलेल्या सुभेदाराने नगारा वाजवून म्हणायचे की मी पहिला नाही, आणि सोमदेवाचे वचन पाळायचे. त्याच आठवड्यात बातमी आली की राजधानीत प्रधान पुन्हा वर आले आहेत आणि नवा पगडीवाला निघाला आहे. तो कोण, कसा, कोणाला माहीत? अंबुजा तडक कचेरीत गेली. रणमल्लाने तिचे सगळे ऐकून घेतले. ऐकताना तो मानेमागे खाजवत होता. तिथे बारीक पिसे फुटली होती.

"पंतांच्या लेकी," तो म्हणाला, "मी तुझ्या बापाला उठवले. तू माझ्याकडे कशी येतेस?"

"तुमचा राग मला आहेच," अंबुजा म्हणाली. "पण तुम्ही गादीवर आहात, म्हणून तुमच्याकडे आले."

"माझे शिपाई हसतील. सरदार कोणाच्या मागून आलो असे सांगत नाही."

"ससाण्यालाही शिपाई हसतात, सरदार. पिंपळाखाली बसून मी रोज ऐकते."

रणमल्लाने खिडकीतून झाडाकडे पाहिले. मग त्याने शिरस्त्राण काढून बाजूला ठेवले, बाहेर आला, टिपरू उचलले. प्रांत जमला. "मी पहिला नाही," तो म्हणाला, आणि आवाज चिरकला म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाला. "माझ्याआधी विद्याधरपंत होते. त्यांच्याआधी भैरवसेन." अंबुजा खालून एकेक नाव सांगत गेली, तो म्हणत गेला, सोमदेवापर्यंत. मग तो तळ्यावर गेला आणि पाटाचे गंजलेले दार त्याने आपल्या खांद्याने उचलले. पाणी उतारावर निघाले. उतारावरच्या म्हाताऱ्या आधी हंडे घेऊन धावल्या आणि मग हंडे तिथेच टाकून पाण्यात बसल्या.

इकडे पिंपळावर सुभेदारच सुभेदार लगडले होते. पगड्यांना खाली उतरता येईना, सरदारांना शिडी मागायची लाज वाटेनाशी झाली. अंबुजा तळ्यावरून धापा टाकत आली, तेव्हा विद्याधरपंत सगळ्यांत खालच्या फांदीला घट्ट धरून बसले होते. त्यांनी तोंड उघडले. काय ऐकू येईल याचा तिला भरवसा नव्हता.

"अंबू," ते म्हणाले, "हात दे गं, मला उतरता येत नाही."

तिने दोन्ही हात दिले. पंत उतरले, आणि लेकीला धरून तिथेच उभे राहून रडले.

चार दिवसांनी नवा पगडीवाला आला. रणमल्लाने टिपरू त्याच्या हाती दिले. नव्याने आजूबाजूला एवढे सुभेदार पाहिले, घसा खाकरला, आणि आपण रणमल्लांच्या मागून आल्याचे सांगितले. रणमल्ल माणूसच राहिला आणि पायी घरी गेला. तळ्याचे पाणी जसे उतारावरच्यांना मिळाले, तसे ज्याचे त्याला मिळो, आणि ऐकणाऱ्यांचे घर नांदते राहो.